तुझं वाकणं चुकलं

मी नट आहे असं म्हणलं की लोक हसतात. हसू देत. मी हसवणाराच नट आहे. २००२ ते २००८ या काळात दोस्तांच्या चार कॉमेडी फिल्ममध्ये मी काम केलं. एकही थेटरात लागली नाही. मनमाड, नांदगाव, येवल्याच्या बाजारात तीस रुपयाला व्हीसीडी मिळायची. आता ती लावायचं यंत्रसुद्धा कुणाच्या घरात राहिलं नाही. पण त्या फिल्मनं माझ्या डोक्यात जे खुपसलंय ते निघत नाही. म्हणून हे लिहितोय.

हा नाद मालेगावचा. मनमाडपासून तासाभरावर मालेगाव. तिथं शेख नासिर या व्हिडिओ पार्लरवाल्यानं २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. घोडे परवडत नाहीत म्हणून त्यातले डाकू सायकलीवर येतात. शुक्रवारी माग बंद, म्हणून शुक्रवारी मागवाले नट. ती कॅसेट बघून आम्ही पाच जण येडे झालो. एक लग्नाचं शूटिंग करणारा, एक रिक्षावाला, एक पेंटर, एक जवळच्या खेड्यातल्या पाटलाचा पोरगा आणि मी, गॅरेजातला हेल्पर. पैसा पाटलाच्या पोराचा. पोरगा भला. आमच्या घरी येऊन बोंबलाची चटणी मागून खायचा. हे मुद्दाम सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, याला दुष्मन आधीच ठाऊक होता. तसं नव्हतं.

पहिल्या फिल्मला चौदा हजार खर्च आला. कॅमेरा खांद्यावरचा, व्हीएचएसचा. लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी फुकट, तिथी असली की कॅमेरा नवरदेवाकडं. लाइट म्हणजे दोन हॅलोजन. लोडशेडिंग असं, की नटाला वाक्य पाठ होईस्तोवर लाइट जायची. उन्हासाठी थर्माकोलचा पत्रा धरायला शेजारचं पोरगं, त्याला रोज वडापाव. डायलॉग कागदावर नसायचे. जागेवर सुचेल ते बोलायचं, आणि नंतर एका खोलीत गोधड्या टांगून, एका माईकपुढं पाच डोकी जोडून डबिंग करायचं. कुणाला खोकला आला की सगळं पहिल्यापासून.

गोष्ट गावच्या पाटलाची. पाटील पेंटर झाला, मी झालो तराळ. हे काम मलाच का, असं मी विचारलं नाही, आणि तेव्हा प्रश्नही पडला नाही. मी काळा, किडकिडीत, दात पुढं. पाटलाचा पोरगा म्हणाला, "तू नुसता उभा राह्यला तरी पब्लिक हसतंय." मला ते बक्षीस वाटलं. मग मी शेणात घसरलो. गव्हाणीत पडलो. पाटलाच्या जोड्याचा मार खाल्ला. जोडा बसताना शूटिंगवाल्याला हसू आवरंना, कॅमेरा हालायचा, म्हणून तो मार नऊ वेळा झाला. पाठीवर वळ उठले, पण शॉट भारी झाला म्हणून मी खूष. दर खेपेला मार खायच्या आधी मी कमरेत वाकून, दात काढून, लांब सुरात "जोहार मायबाप" म्हणायचो. तीच माझी खूण झाली. व्हीसीडी निघाल्यावर एसटी स्टँडवर पोरं आरडायची, "ए तराळ, जोहार!" मी पण वाकायचो. लोक टाळ्या द्यायचे. नट झालो ना!

वस्तीत आमच्या घरी टीव्ही लावला. पंचवीसेक माणूस, दारात पण गर्दी. मी वाकलो की पोरं खदाखदा हसायची. मी पडद्याकडं बघत नव्हतो, आईकडं बघत होतो. ती चुलीपाशी बसलेली. हसली नाही, रडली पण नाही. सगळे गेल्यावर भांडी आवरता आवरता म्हणाली, "तुझं वाकणं चुकलं."

मला वाटलं, चेष्टा करती. म्हणलं, "म्हणजे?"

"माहा बाप येसकर व्हता. जोहार घालताना दात नव्हता काढत. त्वांडावर काहीच ठेवायचा न्हाई. हसलं तर म्हनायचे माजला. रडलं तर म्हनायचे अपशकून. कोरं त्वांड ठेवून वाकायचा, आन् तसाच माघारी यायचा. घरी आल्यावर बी येळभर ते त्वांड तसंच ऱ्हायचं. आम्हा लेकरायला त्याचं भ्या वाटायचं."

दुसरं काही बोलली नाही. पडद्यावर मी आमच्या आज्याला मारून हसवलं होतं, हे ती बोलली नाही. मला मात्र रात्रभर तेवढंच ऐकू येत होतं.

दोस्तांनो, मी अडाणी नव्हतो. १४ एप्रिलला मिरवणुकीत पुढं असायचो. १९३५ ची येवल्याची गर्जना माहीत होती. येवला तर आमच्या शेजारी. १९३८ च्या फेब्रुवारीत रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, ते आमच्या मनमाडातच, हे भाषणात ऐकलं होतं. १९५८ च्या कायद्यानं महारवतन गेलं, हे पण माहीत होतं. जोहार टाकून जयभीम घ्यायला आमच्या माणसांनी किती मार खाल्ला, हेही ठाऊक होतं. तरी कॅमेरा लागला की मी जोहार घातला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. लोक हसत होते, मला ते गोड लागत होतं.

मग मी जुन्या माणसांना विचारत फिरलो, आपल्याकडं हसवणारं काय होतं? एकानं भीमराव कर्डकांच्या जलशांचं सांगितलं. नाशिककडचाच माणूस. १९३० नंतरच्या काळात गावोगाव आंबेडकरी जलसा घेऊन फिरला. त्याच्याही आधी सत्यशोधकांचे जलसे होते. साचा तमाशाचाच, ढोलकी तीच, सोंगाड्या तोच. पण फजिती व्हायची ती भटजीची, सावकाराची, गंड्यादोऱ्याची. म्हणजे हसवणं आपल्याला नवं नाही. तमाशा तर आपल्याच माणसांनी जगवला. कोण पडल्यावर लोक हसतात, एवढंच बदलायचं होतं.

दोस्तांना म्हणलं, पुढच्या फिल्ममध्ये मी सरपंच. १९९३ नंतर राखीव जागेवर आपली माणसं सरपंच झाली, पण कितीक गावांत खुर्चीवर उपसरपंचच बसायचा. तर माझा सरपंच घरून प्लास्टिकची खुर्ची सायकलला बांधून आणतो. रोज. ते ऑफिसाला कुलूप लावतात, तर हा दारात खुर्ची टाकून बसतो आणि तिथंच दाखल्यावर सह्या करतो. खुर्ची चोरीला जाते, तर हा पाटलाच्या ओट्यावर जाऊन बसतो, "खुर्ची येईस्तोवर हीच ग्रामपंचायत."

पेंटर हसून लोळला. पाटलाचा पोरगा हसला नाही. म्हणाला, "हे नको. गावात मला राहायचंय." मी म्हणलं, "मागच्या टायमाला मी मार खाल्ला तेव्हा मला पण वस्तीतच राहायचं होतं." तो उठून गेला. वाईट वाटलं. अजून वाटतं. त्यानंतर तो बोंबलाची चटणी खायला आला नाही.

वर्गणी काढून अकरा हजार जमले. ग्रामपंचायत कोण देणार? समाजमंदिरावर बोर्ड टांगला. बुद्धपौर्णिमेला भिंतीवर चादर लावून फिल्म दाखवली. म्हातारी माणसं डोळे पुसून हसली. एक जण मागून ओरडला, "आरं, ही तर माझीच खुर्ची!" तो खरंच मागं एकदा सरपंच होता. त्या हसण्यात आणि एसटी स्टँडवरच्या हसण्यात काय फरक, ते मला त्या रात्री अंगावर कळलं. काही खेड्यांतनं दुकानदारांनी व्हीसीडी परत पाठवल्या. तेही कळलं.

पण स्वतःची पाठ थोपटून घ्यायला हे लिहीत नाही. दोन चुका सांगतो.

पहिली, शेवटी मी चार मिनिटं भाषण ठोकलं. घटना, समता, सगळं. लोक चहाला उठले. जे खुर्चीनं सांगून झालं होतं ते मी तोंडानं परत सांगितलं.

दुसरी मोठी. त्या फिल्ममध्ये सरपंचाची बायको होती. ते काम रिक्षावाल्यानं लुगडं नेसून केलं. सरपंच बाहेरचा राग घरी काढतो आणि बायकोला लाटण्यानं हाणतो, लोक हसतात. आम्हाला त्यात काही वाटलं नव्हतं. फिल्म संपल्यावर आई म्हणाली, "सरपंचाला खुर्ची घावली. त्याची बाई कुठं बसली?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तराळाच्या पाठीवरचा जोडा मी काढला आणि लाटणं करून बायकोच्या पाठीवर ठेवला. हसवायला कुणीतरी खाली लागतंच, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं.

पुढं २०१४ साली नागराज मंजुळेंचा 'फँड्री' थेटरात आला. डुकरामागं पळणाऱ्या जब्याच्या घरच्यांवर गाव हसतं. थेटरात माझ्या मागची पोरं पण हसली. शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट पडद्यावर, बघणाऱ्याच्या तोंडावर येतो. मागचं हसू तिथं बंद झालं. मला तो दगड दोनदा लागला. एकदा बघणारा म्हणून, एकदा 'जोहार'वाला नट म्हणून.

आई आता नाही. तुमच्या हातात मोबाइल आहे, व्हीएचएसच्या भाड्याची कटकट नाही. वस्तीतली पोरं पाच मिनिटांच्या कॉमेडी काढतात, मला म्हाताऱ्याचं काम देतात. मागच्या रविवारी शूटिंग होतं. डायलॉग असा, की सून चहात मीठ घालते आणि सासरा तिच्यावर ओरडतो. सुनेचं काम करणारी पोरगी बारावीची. म्हणाली, "मी नाही रडणार. काका, तुम्ही तो चहा प्या आन् गोड झालाय म्हणा, मग बघा."

प्यालो. खारट. तोंड कोरं ठेवून म्हणलं, "गोड झालाय." कॅमेरा धरणारं पोरगं हसताना खाली बसलं. शॉट तीन वेळा घेतला. तिन्ही वेळा चहात खरंच मीठ होतं.