अचानक?

परवा नातीने लॅपटॉपवर 'प्रोव्होक्ड' हा २००६ चा सिनेमा लावून दिला. ऐश्वर्या रायचा. सिनेमा राहिला बाजूला, त्यामागची खरी हकीकतच डोक्यात घोळत राहिली.

पंजाबची किरणजीत अहलुवालिया १९७९ साली लग्न झाल्यावर इंग्लंडला गेली. दहा वर्षं मार खाल्ला. कोर्टातून मनाईहुकूम आणून झाले, जीव द्यायचा प्रयत्न करून झाला. घरच्यांना काळजी अब्रूची. मे १९८९ मध्ये एका रात्री नवऱ्याने तापलेल्या इस्त्रीने तिचा चेहरा भाजायची धमकी दिली. तो झोपल्यावर तिने पेट्रोल टाकून त्याला पेटवलं. काही दिवसांनी तो गेला. डिसेंबरात तिला जन्मठेप झाली.

तिथल्या कायद्याला सुटलेला तोल 'अचानक' सुटलेला हवा होता. ही तर तो झोपेपर्यंत थांबली!

मराठीच्या तासाला हा शब्द वाक्यात वापरायला सांगितला की मुलं हमखास लिहीत, 'अचानक पाऊस आला.' मी विचारायची, "अरे, आधी आभाळ भरून आलं नव्हतं का?"

पुढे साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संस्थेच्या बायका तिच्यासाठी झगडल्या. १९९२ च्या अपिलात कळलं, की तिला नैराश्याचा आजार होता, तसा डॉक्टरी अहवालही होता. तो ज्यूरीपुढे आलाच नव्हता! मग खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरला, भोगलेली तीन वर्षं चार महिने पुरेशी मानली आणि ती सुटली.

आनंदच झाला, पण एक सल राहिला. मारलं त्याने, आजार मात्र हिच्या नावावर. तो आजार कागदावर आला म्हणून सुटका, दहा वर्षांच्या माराची तेवढी किंमत नाही. इंग्लंडने ही 'अचानक'ची अट २०१० पासून काढून टाकली. आपल्याकडे १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता आली, तरी 'गंभीर आणि अचानक' हे शब्द तसेच आहेत.

भायखळ्याला, येरवड्याला बायकांचे तुरुंग आहेत. आत आलेल्या बाईला 'काय केलंस?' हे विचारलं जातंच. 'त्याआधी काय काय झालं? झोप लागते का?' हेही कुणी शेजारी बसून विचारायला हवं. आणि तेही खटला उभा राहण्याआधी. नंतर सापडलेला कागद प्रत्येकीच्या नशिबी नसतो.