वेळासच्या किनाऱ्यावर

वाचकहो, आपण वाशिमकर समुद्रापासून फार दूरचे. म्हणून सुटीत रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी अवश्य जावे. तेथे गावकऱ्यांच्या घरीच मुक्काम करता येतो आणि मार्चच्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांची इवली पिल्ले वाळूवरून समुद्राकडे निघालेली दिसतात. ती जन्मतःच लाटेत शिरतात. आपण मात्र विहिरीत पोहायला शिकलेली माणसे. विहिरीचे पाणी ओढत नाही, समुद्राचे ओढते. भरती-ओहोटीची वेळ यजमानांना विचारल्याविना पाण्यात उतरू नये. ओढ लागलीच, तर प्रवाहाशी झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहावे, हात उंचावून मदत मागावी. सायंकाळी यजमानांच्या पडवीत सारे कुटुंब एका पंगतीला बसावे, हीच सुटीची खरी कमाई.