दुवा

मंडळी, सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा धूळपाटी हाती आली! मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला हेच नाव आहे. अजिंठ्याची लेणी १९८३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. त्या यादीतल्या पानाचा दुवा मी देऊन पाहत होते. कंसात पत्ता लिहिला, उभी रेघ मारली, पुढे 'अजिंठा लेणी'. जतन केलं, तर 'अजिंठा' गायब आणि नुसतं 'लेणी' निळं! टिचकी मारली तर पान उघडेना.

नात फोनवर हसली. "आजी, उभी रेघ घरच्या पानांना, दुहेरी कंसात. बाहेरच्या पत्त्याला एकेरी कंस, आणि पत्ता संपला की मोकळी जागा. नाहीतर पुढचा शब्द पत्त्यालाच चिकटतो."

जमलं एकदाचं. पण रात्री एक जुनी गोष्ट आठवली. तेव्हाच्या औरंगाबादेत, एप्रिलच्या उन्हात, एका विद्यार्थिनीला मी एक पुस्तक बघायला वाचनालयात पाठवलं होतं. पुस्तक तिथे नव्हतंच. मी खात्री केली नव्हती. ती परत आली, काहीच बोलली नाही. तेच जास्त लागलं.

आता दुवा देण्याआधी मी स्वतः तिथे जाऊन येते. 'इथे टिचकी मारा' असं न लिहिता तो कुठे नेतो ते लिहिते. जुने दुवेही अधूनमधून उघडून बघते, कारण पानं जागा बदलतात, बंद पडतात.

आमच्या शहरात दुवा म्हणजे आशीर्वादसुद्धा. दोन्ही तोंडदेखले देऊ नयेत.