खडी, वाळू आणि मीठ

अबुधाबीतल्या घरगुती बागेत निचऱ्याची खडी पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी लागते, त्याहून अधिक जमिनीतले खारे पाणी वर चढू नये म्हणून लागते. वर्षाचा पाऊस १०० मिलिमीटरच्या आत आणि बाष्पीभवन दोन मीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त, अशा मुलखात पाण्याची ओढ खालून वर असते. किनाऱ्यालगतच्या सपाट खारवट पट्ट्याला तिथे ‘सबखा’ म्हणतात. त्यात भूजल अनेकदा मीटर-दीड मीटरवरच लागते आणि ते समुद्राच्या पाण्यापेक्षाही कितीतरी खारट असते. दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे ते बारीक वाळूतून वर येते, पृष्ठभागाशी सुकते आणि मीठ व जिप्सम मागे ठेवते. या मिठाने झाड मरते, फरशी उखडते, कंपाउंडच्या भिंतीचा गिलावा पायथ्यापासून हातभर उंचीपर्यंत सुटतो. पुण्या-कोल्हापुरातला उतार आणि गटाराचा हिशेब इथे पुरत नाही.

म्हणून वाफ्याखाली खडीचा थर देतात तो केशाकर्षण तोडण्यासाठी. २० मिलिमीटरची, एकाच मापाची आणि धुतलेली खडी १५ ते २० सेंटिमीटर जाड पसरली की दाण्यांमधल्या पोकळ्या इतक्या मोठ्या राहतात की पाणी त्यांतून वर चढू शकत नाही. मिश्र मापाची, कच आणि धूळ असलेली खडी स्वस्त पडते, पण पोकळ्या भरून टाकते आणि थराचा उद्देशच संपतो. थराच्या खाली आणि वर न विणलेले जिओटेक्स्टाईल अंथरतात, नाहीतर वाळू हळूहळू खडीत शिरते. त्यावर बाजारात ‘स्वीट सॉइल’ नावाने मिळणारी कमी क्षाराची माती येते.

एक गैरसमज मात्र सगळीकडे सारखाच आढळतो: कुंडीच्या तळाशी खडी घातली की निचरा सुधारतो. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी ती पूर्ण भिजल्याखेरीज खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही, आणि ओलीचा पट्टा खडीच्या डोक्यावर, म्हणजे थेट मुळांशी येऊन बसतो. कुंडीत खडी नको, भोक हवे. वाफ्यात थर आवश्यक असतो, पण त्यावर मातीची उंची पुरेशी हवी आणि शिंपण्यात गरजेपेक्षा थोडे जास्त पाणी हवे. शहरातल्या हिरवळीला बरेचदा प्रक्रिया केलेले सांडपाणी देतात आणि त्यातही क्षार असतातच. ते जादा पाण्याने धुऊन खाली उतरवावे लागतात, आणि तेव्हा खडीच्या थरात टाकलेली सच्छिद्र पाइप खऱ्या अर्थाने उपयोगी पडते.

खडी कोणत्या दगडाची, हा पुढचा प्रश्न. मुसफ्फा या अबुधाबीच्या औद्योगिक भागातल्या बांधकाम-साहित्याच्या बाजारात मुख्यतः दोन प्रकार दिसतात: काळपट गॅब्रो आणि करडा-पांढरा चुनखडक. दोन्ही फुजैरा आणि रास अल खैमाच्या बाजूच्या हजर पर्वतातून येतात. गॅब्रो हा सह्याद्रीच्या बेसाल्टाचा रसायनाने जवळचा नातलग आहे. तसाच शिलारस, फक्त जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालेला, त्यामुळे दाणा जाड. वयाने मात्र तो दख्खनच्या लाव्ह्यापेक्षा सुमारे तीन कोटी वर्षांनी मोठा. निचऱ्यासाठी तो उत्तम. टणक चुनखडकही चालतो, पण भुसभुशीत चुनखडकाची भुकटी होऊन पोकळ्या बुजतात. व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर फसफसला तर चुनखडक, शांत राहिला तर गॅब्रो. पांढरा खडा नखाने ओरखडला गेला, तर ते जिप्सम समजावे. ते पाण्यात विरघळते, म्हणून खालचा थर खचतो, आणि काँक्रीटमध्ये गेले तर सल्फेटचा उपद्रव होतो. असा ढीग परत पाठवलेला बरा.

पावसाचा विचार अगदीच सोडता येत नाही. १६ एप्रिल २०२४ रोजी अल ऐनजवळच्या खत्म अल शकला येथे २४ तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वाधिक. एवढा पाऊस १०० चौरस मीटरच्या गच्चीवर पडला तर सुमारे २५,५०० लिटर पाणी जमते. एकाच मापाच्या खडीत पोकळी साधारण ४० टक्के, म्हणजे खडी भरलेल्या एका घनमीटरच्या शोषखड्ड्यात ४०० लिटर मावते. हे सगळे पाणी जिरवायला ६० घनमीटरहून मोठा खड्डा लागेल, आणि भूजल वर असलेल्या जागी तो आधीच भरलेला असेल. शोषखड्डा शिंपण्याच्या आणि धुण्याच्या पाण्यापुरता करावा. पावसाला घरापासून दूर जाणारा उतारच द्यावा.

बागेतल्या बांधकामाला खडीबरोबर काँक्रीटही लागते, आणि त्यात सर्वांत जास्त गोंधळ सिमेंटचा होतो. जमिनीत सल्फेट आहे, म्हणून सल्फेटरोधक सिमेंट घ्यावे, हे सांगणे सोपे आणि अर्धेच बरोबर आहे. त्या सिमेंटमध्ये ट्रायकॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट मुद्दाम कमी ठेवलेले असते, कारण सल्फेट त्याच्याशीच संयोग पावून फुगते आणि काँक्रीट फोडते. पण हेच अ‍ॅल्युमिनेट क्लोराइडचा काही भाग बांधून ठेवते. ते कमी झाले की क्लोराइड मोकळे राहते आणि सळईपर्यंत लवकर पोहोचते. सबखात दोन्ही शत्रू एकत्र असतात. म्हणून साध्या सिमेंटमध्ये ५० ते ७० टक्के भट्टीच्या मळीची बारीक पूड, किंवा थोडी मायक्रोसिलिका मिसळलेले मिश्रण अधिक शहाणपणाचे ठरते, कारण त्याने छिद्रेच बारीक होतात. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० च्या आसपास राखणे हे सिमेंटच्या नावापेक्षा महत्त्वाचे. कामगार पाइपने पाणी घालून माल सैल करतो तेव्हा ही सगळी निवड व्यर्थ जाते.

सळईबद्दल पहिला प्रश्न, ती हवीच का? गंजल्यावर लोखंड मूळ आकाराच्या दोन ते सहा पट जागा मागते आणि काँक्रीट आतून फुटते. पायवाट, बसायचा कट्टा, वाफ्याची कड यांना बहुधा सळई लागत नाही. तडे आवरायला प्लास्टिकचे तंतू पुरतात. मोठ्या वास्तूचेही असे उदाहरण आहे: अबू मुरैखा येथील बीएपीएसच्या हिंदू मंदिराचे उद्घाटन १४ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. ते लोखंड-पोलाद न वापरता उभारले आहे आणि त्याच्या पायाच्या काँक्रीटमध्ये ५५ टक्के फ्लाय अॅश होती. माती धरून ठेवणाऱ्या भिंतीला किंवा हौदाला मात्र सळई द्यावीच लागते. तिथे जमिनीत सळईवर ७५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण आणि मातीकडच्या बाजूला डांबरी लेप ठेवावा.

वाळू अवतीभवती अमाप असली तरी काँक्रीटच्या कामाची थोडीच. वाळवंटातले दाणे वाऱ्याने घासून गोल आणि जवळपास एकाच बारीक मापाचे झालेले असतात. किनाऱ्याच्या वाळूत शिंपले आणि मीठ. म्हणून दगड फोडून केलेली धुतलेली वाळू मुख्य धरतात आणि टेकड्यांची वाळू थोडी मिसळतात. महाराष्ट्रात नदीच्या वाळूवर निर्बंध आले आणि कृत्रिम वाळू आली, त्याच वाटेने. शंका असल्यास मूठभर वाळू शुद्ध पाण्यात ढवळून, निवळीत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकावेत. दाट पांढरा साका बसला तर क्लोराइड भरपूर आहे.

कठीण आणि घट्ट म्हणजे टिकाऊ, हा समज जुन्या बांधकामांवर महागात पडतो. अबुधाबीचा कस्र अल होस्न किल्ला प्रवाळ आणि समुद्री दगडांचा. १९८० च्या दशकापर्यंत चाललेल्या डागडुजीत त्याला जो आधुनिक पांढरा गिलावा चढवला गेला, त्याने ओल आणि क्षार आत कोंडले. पुढे तो काढावा लागला आणि २०१८ च्या अखेरीस किल्ला पुन्हा खुला झाला. बागेतल्या जुन्या चुनखडी भिंतीला सिमेंटचा जाड थर देण्याआधी हे आठवावे. तिथे चुन्याचाच गिलावा योग्य.

उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास कायद्याने बंदी आहे. काँक्रीटलाही ती वेळ मानवत नाही. रेडिमिक्समध्ये बर्फ घालून माल रात्री किंवा पहाटे ओततात. गरम वाऱ्याने पृष्ठभाग तासाभरात सुकून जाळीदार तडे पडतात, म्हणून ओतल्याबरोबर प्लास्टिक झाकावे आणि नंतर निदान सात दिवस गोणपाट ओले ठेवावे. ओलवण्याचे पाणी गोडेच हवे. बोअरच्या खाऱ्या पाण्याने काँक्रीट भिजवणे म्हणजे मीठ हाताने आत पेरणे.

घरच्या अंगणाला सलग काँक्रीटपेक्षा ‘इंटरलॉक’ ब्लॉक अधिक सोयीचे. खाली दाबलेली खडी, त्यावर जाडसर धुतलेल्या वाळूचा थर, सांध्यांत बारीक कोरडी वाळू. एखादा कोपरा खचला, तर तेवढेच ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात. वाफ्यावर शोभेला पाच सेंटिमीटर खडी पसरली तर बाष्पीभवनही कमी होते आणि मीठ वर येण्याचा वेग मंदावतो. काळी खडी तापते, पांढरी डोळ्यांवर चमकते, म्हणून बसायच्या जागेजवळ करडी बरी. धुळीच्या वाऱ्यांनी ती काही वर्षांत भरून जाते. तेव्हा वरचा थर उचलावा, चाळावा, धुवावा आणि परत पसरावा, नवी खडी विकत घेण्याची गरज नसते.