कायतानाचा परवाना

जून महिन्याच्या अखेरीस प्राथमिक शाळांना सुट्टी लागते आणि आपल्या घराघरांतून एकच प्रश्न उभा राहतो. आईबाप दोघेही कामावर गेल्यावर मुलांनी दिवसभर कोठे राहावे? शाळेची घंटा पुन्हा वाजणार ती 1 सप्टेंबरला. मधल्या दिवसांसाठी बहुतेक कुटुंबांना आधार असतो तो कायतानाचा, म्हणजे मुलांच्या उन्हाळी दिवस-शिबिराचा.

कोकणात आपल्या वाडवडिलांना ही चिंता नव्हती. सुट्टीतील मूल एका घराचे नसे, ते साऱ्या आळीचे असे. विहिरीच्या काठावर ते वाकले, तर त्याला हटकणारी कोणी ना कोणी मावशी जवळपास असायचीच. येथे चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला ती आळी उरलेली नाही. तिची राखण काही अंशी तरी कायद्याला करावी लागते.

तसा कायदा इस्रायलमध्ये 1990 साली झाला. त्यानुसार परवान्याशिवाय कायताना चालविता येत नाही. जागा सुरक्षित आहे काय, विजेची जोडणी धोक्याची नाही ना, आग विझविण्याची साधने, स्वच्छता व प्रथमोपचाराची सोय आहे काय, हे पाहिल्यावरच तो मिळावा, असा त्यामागील हेतू आहे. शिवाय 2001 च्या एका कायद्याप्रमाणे मुलांच्या संस्थेत पुरुषाला कामावर घेण्यापूर्वी पोलिसांचा दाखला घ्यावा लागतो. लैंगिक गुन्ह्याची शिक्षा झालेला माणूस मुलांपर्यंत पोहोचू नये, यासाठी ही तरतूद आहे.

कायदा असा स्पष्ट असूनही आपली अडचण निराळीच आहे. ती अडचण म्हणजे भीड. आमच्या नातवाचे नाव घालण्याची वेळ आली, तेव्हा सूनबाई म्हणाली, "पपा, कायताना आपल्याच माणसाची आहे. परवाना मागितला तर त्यांना काय वाटेल?" तरीही मी जाऊन विचारले. "कागद कचेरीत आहे, येईल लवकरच. आपल्या माणसांत कागदाचे काय एवढे?" असे उत्तर मिळाले. सुट्टी लागली, पण कागद आला नाही. आम्ही नातवाला दुसरीकडे घातले. तेथे पैसे अधिक पडले आणि वाटेत बसही बदलावी लागे. त्या गृहस्थांचा "शब्बाथ शालोम" तेव्हापासून तुटक झाला आहे. याचे मला वाईट वाटते, हे मी लपवीत नाही.

परंतु अशा वेळी तोरातील एक आज्ञा आठवते. ती देवारीमच्या 22 व्या अध्यायात आहे आणि एलुल महिन्यात 'की तेत्झे' या पाराशाबरोबर आपण ती दरवर्षी ऐकतो. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा घालावा, म्हणजे कोणी पडून त्याचे रक्त त्या घरावर येणार नाही, असा तिचा आशय आहे. घरमालक सज्जन असेल तर कठड्यातून सूट आहे, असे तेथे म्हटलेले नाही. सज्जनाच्या गच्चीवरूनही माणूस पडतो. म्हणून कठडा विचारणे हा घरमालकाच्या सचोटीविषयीचा प्रश्नच नव्हे. परवान्याचेही तसेच आहे.

अर्थात, परवाना पाहिला म्हणजे आपले कर्तव्य संपले, असेही नाही. 26 एप्रिल 2018 रोजी मृत समुद्राजवळील नाहाल त्साफितमध्ये अचानक आलेल्या पुरात सहलीला गेलेली दहा तरुण मुलेमुली बुडाली. ती सहल कायतानाची नव्हती. सैन्यात जाण्यापूर्वीच्या शिक्षणवर्गात जाऊ पाहणाऱ्या तरुणांची ती होती. पुराचे इशारे आधीच देण्यात आले होते. भिंतीवर टांगलेला कागद आकाशाकडे पाहत नाही, ते माणसालाच पाहावे लागते. म्हणून आणखी काही प्रश्न विचारावेत. प्रथमोपचार जाणणारी व्यक्ती दिवसभर हजर असते काय? ऑगस्टच्या भर दुपारी मुले सावलीत असतात काय, आणि पाणी कोण पाजतो? समुद्रावर नेणार असल्यास किनारा अधिकृत आहे काय, आणि जीवरक्षक कामावर असेल ना? बसमध्ये चढताना आणि उतरताना मुले कोण मोजतो?

शेवटी समाजबांधवांपुढे एक सूचना ठेवतो. आपल्या सिनेगॉगांच्या फलकांवर उन्हाळ्यात कायतानांच्या जाहिराती लागतात. ज्या जाहिरातीसोबत परवान्याची प्रत नाही, ती कार्यकारी मंडळांनी फलकावर लावू नये. कायताना चालविणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनीही कोणी मागण्याची वाट न पाहता परवाना दारातच लावावा. म्हणजे एखाद्या आजोबावर तो मागण्याची वेळ येणार नाही, आणि शब्बाथच्या दिवशी कोणाचा शालोम तुटक होणार नाही.