तिसरा रकाना

आमच्या अण्णांना अभ्यास करताना मी कधी पाहिले नव्हते. लातूरच्या न्यायालयात सत्तावीस वर्षे फौजदारी वकिली केलेला माणूस. कलमे त्यांच्या जिभेवर पाढ्यांसारखी. घरात मुलांची मारामारी झाली की "तीनशे तेवीस!" आणि फराळाच्या डब्यातला लाडू नाहीसा झाला की "तीनशे एकोणऐंशी!" असा निवाडा व्हायचा. म्हणून गेल्या दिवाळीत ते नांदेडला आमच्याकडे आले आणि अभ्यंगस्नान उरकल्यावर एक जाडसर पुस्तक माझ्या हाती देऊन म्हणाले, "विचार रे मला," तेव्हा मी हसलो. ते हसले नाहीत.

कारण मला नंतर कळले. १ जुलै २०२४ पासून दीडशेहून अधिक वर्षांचा जुना दंडसंहितेचा संसार मोडून भारतीय न्याय संहिता आली. तिच्याबरोबर नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम. ५११ कलमांची ३५८ झाली. खुनाचे ३०२ जाऊन १०३ आले. आणि ३०२ रिकामे राहिले म्हणता? छे! धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने बोललेल्या शब्दांसाठी आता ते आहे. मराठीच्या मास्तराला सगळ्यात चुटपुट लागली ती ४२० ची. ज्या आकड्याने आपल्या भाषेला एक अस्सल शिवी दिली, तो आकडा आता संहितेतच नाही! फसवणूक ३१८ वर जाऊन बसली आहे. पण "तो मोठा तीनशे अठरा आहे" असे म्हणून कोणाचे समाधान होणार?

मला ही गंमत वाटत होती. अण्णांची त्यात रोजीरोटी होती.

नवे पाठ करून जुने विसरावे, तर तेही नाही. गुन्हा त्या तारखेआधी घडला असेल तर शिक्षेचे कलम जुनेच. म्हणजे सकाळच्या खटल्यात ३०२ आणि दुपारच्या खटल्यात १०३. शिवाय झडतीचे चित्रण, मोबाइलमधला पुरावा, घरबसल्या अर्ज दाखल करायची संगणकी पद्धत. अण्णांचा जुना मुन्शी त्या यंत्रासमोर हात जोडून उभा राहतो. वकिलाला जाहिरात करायची बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई. त्याचे भांडवल म्हणजे त्याचा लौकिक, आणि अण्णांचा लौकिक होता पाठांतराचा. आता पक्षकार पायरीवर बसल्या बसल्या मोबाइलमध्ये कलम शोधतो आणि वकिलालाच विचारतो, "साहेब, हे बरोबर हाय का?"

त्या पावसाळ्यात व्हायचे ते झाले. एका शेतकऱ्याच्या मुलासाठी अटकपूर्व जामिनाचा अर्ज घाईने करायचा होता. अण्णांनी सवयीने वर लिहिले, कलम ४३८. नव्या संहितेत ते पुनरीक्षणाचे. अटकपूर्व जामिनाचे ४८२. आणि जुने ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार! अर्जात त्रुटी निघाली, एक दिवस गेला. मुलाला अटक झाली नाही. पण त्या रात्री त्याच्या बापाला झोप आली नसणार. दुसऱ्या दिवशी तो अण्णांसमोर नुसता उभा राहिला. त्याला काय हवे ते अण्णांनी ओळखले आणि दुसरा वकील करायला ना-हरकत लिहून दिली. "मला रागावला असता तर बरं झालं असतं," असे ते म्हणाले, ते पहिल्यांदा आणि शेवटचे.

मला आजोबांची आठवण झाली. ते नांदेडला निजामी अमलात उर्दूतून वकिली करीत. फिर्याद, पेशी, मुचलका ही कचेरीची बोली आमच्या घरात त्यांनीच आणली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, १९५१ मध्ये हैदराबादचा स्वतंत्र दंडकायदा जाऊन भारताचा लागू झाला आणि १९५६ मध्ये त्यांचे उच्च न्यायालय हैदराबादहून मुंबईला गेले. तेव्हा ते चाळिशीत होते. मी माळ्यावरची त्यांची वही काढून आणली. दोन रकाने आखलेले: डावीकडे उर्दूत जुनी कलमे, उजवीकडे नवे आकडे. डावा रकाना वाचता येणारे आता घरात कोणी नाही. काही जागी दोनदोनदा खोडलेले आहे, आणि एका पानावर शाई इतकी पसरली आहे की आजोबांनी तिथे लेखणी आपटली असावी, असा मला संशय आहे.

अण्णांनी ते पान बराच वेळ पाहिले. मग माझ्या मुलीच्या दप्तरातली पट्टी मागवली आणि उजवीकडे आणखी एक उभी रेघ ओढली.

"हं, विचार."

"तीनशे सात?"

"एकशे नऊ."

"तीनशे एकोणऐंशी?"

"तीनशे तीन." अंगणात लवंगी फुटली, मुली ओरडल्या. ते लिहीत राहिले.

बोलण्याच्या भरात माझ्या तोंडून निघून गेले, "चारशे अडतीस?" आणि मी जीभ चावली.

"ते ह्या वहीत कुठून असणार?" ते मान वर न करता म्हणाले. "आजोबांच्या वेळी अटकपूर्व जामिनाचं कलमच नव्हतं. त्र्याहत्तरच्या संहितेत आलं ते. शेवटच्या पानावर मघाशीच लिहून ठेवलंय. पुढचं विचार."