स्वस्त झालेल्या सुट्टीचं बिल

दिवाळीच्या आसपास न्यू जर्सी, टोरांटो, लंडन इथल्या ओळखीच्या मराठी घरांतून फोन येऊ लागतात. नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन बहामाज, जमैका किंवा बार्बाडोसला जायचं असतं. एरवी कुठलं बेट चांगलं, कुठला किनारा मुलांना सुरक्षित, असं विचारतात. बातम्यांत मंदीचं नाव निघालं की प्रश्न बदलतो: ‘‘ताई, आत्ताच बुक करू की थांबू? भाव पडतील ना?’’

कॅरिबियनमधल्या हॉटेलांत खोल्यांचे दर ठरवणं हे माझं काम. त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं असतं. खोलीचा दर पडेल, पण म्हणून सुट्टी स्वस्त होईलच असं नाही. शिवाय जितकी स्वस्त होईल, तितकं कुणीतरी दुसरं भरेल. हे सगळं मला 2008-09च्या हंगामाने शिकवलं. तेव्हा मी बार्बाडोसच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात होते.

आमचा हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. उत्तरेत बर्फ पडतं तेव्हा आमच्याकडे पैसा येतो आणि त्या चार महिन्यांच्या कमाईवर पुढचे आठ महिने निघतात. 15 सप्टेंबर 2008ला लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा हंगामाला जेमतेम तीन महिने उरले होते.

रोज सकाळी माझ्या टेबलावर एक तक्ता यायचा. आमच्या धंद्यात त्याला पिक-अप रिपोर्ट म्हणतात. येणाऱ्या एकेका महिन्याची एक ओळ. त्या महिन्यासाठी आजवर किती रात्री विकल्या गेल्या, गेल्या वर्षी याच तारखेपर्यंत किती गेल्या होत्या आणि कालपासून किती वाढल्या, असे रकाने. ऑक्टोबरमध्ये मला वाटलं होतं, रद्द झालेल्या बुकिंगांचा ढीग लागेल. तसं झालं नाही. शेवटचा रकाना मात्र शून्यावर येऊन बसला. लोकांनी सुट्टी रद्द केली नव्हती, ठरवायची थांबवली होती. नोकरी टिकते का, बोनस मिळतो का, हे कळेपर्यंत कुणी पैसे अडकवायला तयार नव्हतं. एरवी चार-पाच महिने आधी येणारी बुकिंगं तीन आठवड्यांवर आली. चौदा रात्री राहणारे दहा रात्रींवर आले, दहावाले सातवर.

मंदीत सुट्टी सहसा मरत नाही, आखडते. हे ज्या हॉटेलांना उमगलं नाही, त्यांनी नोव्हेंबरचा रिकामा तक्ता पाहून दर धडाधड खाली आणले. जे जानेवारीत असेही येणार होते, त्यांनाच मग कमी दरात खोल्या गेल्या. एकदा दर पाडला की तो परत चढवायला वर्षं लागतात, कारण पाहुण्याच्या मनात नवा आकडा पक्का बसतो. म्हणून जुनीजाणती हॉटेलं दराला हात न लावता ‘सहा रात्रींचे पैसे भरा, सात रात्री राहा’ असं देतात. हिशेबाने ती चौदा टक्क्यांची सूट, पण छापील दर तसाच राहतो. पाहुणाही एक रात्र जास्त राहतो, म्हणजे एक जेवण जास्त, एक टॅक्सी जास्त. मंदीच्या काळातल्या सगळ्या सवलतींत मला हीच त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते.

आता ज्यामुळे माझी झोप उडाली होती, ते सांगते. बार्बाडोसचा डॉलर 1975पासून अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे, दोनास एक. आमचे निम्म्याच्या आसपास पाहुणे ब्रिटिश. 2008च्या जुलैत एका पौंडाला जवळजवळ दोन अमेरिकी डॉलर मिळत होते. 2009 उजाडलं तेव्हा मिळू लागले एक डॉलर चाळीस सेंटच्या आसपास. समजा, आठवड्याच्या मुक्कामाचे आम्ही 1500 अमेरिकी डॉलर घेत होतो. जुलैत ते 750 पौंड झाले असते. जानेवारीत तेच 1071 पौंड झाले. घाबरून दर पाव हिश्श्याने उतरवला, म्हणजे 1125 डॉलर केला, तरी मँचेस्टरहून येणाऱ्या जोडप्याला 804 पौंड पडणारच. हॉटेलने चौथा हिस्सा सोडला, तरी पाहुण्याला सुट्टी गेल्या उन्हाळ्यापेक्षा महागच पडणार. ती सूट पाहुण्यापर्यंत पोचतच नाही, चलनाच्या दरातच जिरते. मुंबईहून येणाऱ्यांचंही तेच. 2008च्या सुरुवातीला चाळिसाच्या खाली असलेला डॉलर वर्ष संपताना पन्नाशीला टेकला होता.

त्यावर विमानाचं वेगळंच. त्याच जुलैत खनिज तेल बॅरलला 147 डॉलरवर गेलं होतं. मंदीचा फटका बसण्याआधीच विमान कंपन्यांनी फेऱ्या कापल्या होत्या. अमेरिकन एअरलाइन्सने सप्टेंबरपासून सॅन हुआनमधल्या आपल्या फेऱ्या मोठ्या प्रमाणात कमी केल्या. सॅन हुआन म्हणजे लहान बेटांकडे जाणाऱ्या छोट्या विमानांचं जंक्शन. तिथे कात्री लागली की पलीकडच्या बेटांवरच्या खोल्या कितीही स्वस्त करा, माणूस पोचणार कसा? पुढे तेल कोसळलं, पण कापलेल्या फेऱ्या लगेच परत आल्या नाहीत. सीट कमी, म्हणून तिकीट चढं. खोलीत वाचलेले पैसे तिकिटात जात होते.

अशात ब्रिटिश सरकारने विमान प्रवासावरचा कर अंतराच्या टप्प्यांनुसार लावला. 1 नोव्हेंबर 2009पासून अंतर मोजायचं ते लंडनपासून त्या देशाच्या राजधानीपर्यंत. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन, म्हणून लॉस एंजेलिसला जा की हवाईला, कर कमी टप्प्याचा. ब्रिजटाउन वॉशिंग्टनपेक्षा लांब, म्हणून बार्बाडोसला वरचा टप्पा. हवाई बेटं लंडनहून आमच्यापेक्षा किती दूर, हे नकाशावर बोट ठेवून शाळकरी मूलही सांगेल. 2010च्या नोव्हेंबरपासून आमच्याकडे येणाऱ्याला साध्या वर्गातही माणशी 75 पौंड भरावे लागू लागले. चौघांच्या कुटुंबाला 300 पौंड, सुट्टी सुरू व्हायच्या आत. कॅरिबियन सरकारांनी लंडनमध्ये कितीदा गाऱ्हाणं मांडलं. ते टप्पे एकत्र व्हायला 2015चा एप्रिल उजाडला. मला हा निव्वळ अन्याय वाटला होता, आजही वाटतो.

याच काळात जमैकाला येणारे पाहुणे मात्र वाढले. 2009 साली तिथे मुक्कामाला आलेल्या पर्यटकांची संख्या 18 लाखांच्या वर गेली, 2008पेक्षा जास्त. आजूबाजूची बहुतेक बेटं घसरत असताना हे कसं झालं? अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून जवळ, थेट विमानं भरपूर, ही कारणं आहेतच. सगळा खर्च आधीच भरायचा ही ऑल-इनक्लुझिव्ह पद्धत तिथे मुरलेली, तिचाही वाटा आहे. बुच स्टुअर्ट यांनी 1981मध्ये माँटेगो बेला सँडल्स सुरू केलं तेव्हापासून ती फोफावली. मंदीत ती जास्त चालते. नोकरीची धास्ती असलेला माणूस दर कमी आहे का यापेक्षा बिल अचानक वाढणार नाही ना, हे आधी बघतो.

पण खरी किल्ली चलनात होती. जमैकाचा डॉलर मोकळा आहे. 2008च्या मध्यावर एका अमेरिकी डॉलरला सुमारे 72 जमैकन डॉलर मिळायचे, 2009च्या वसंतात 88च्या घरात. हॉटेल खोली विकतं अमेरिकी डॉलरमध्ये आणि पगार देतं जमैकन डॉलरमध्ये. दर पंधरा-वीस टक्क्यांनी पाडला तरी पगाराच्या बाजूने हॉटेलला बराच हिस्सा परत मिळतो. सूट दिली कुणी? खोली झाडणाऱ्या बाईने. तिच्या हातात नोटा तितक्याच पडल्या, पण तिच्या घरात येणारं पीठ, तेल, गॅस बाहेरून येतं, ते महागलं.

बार्बाडोसला ती वाट नको होती. 1991च्या संकटात या देशाने सरकारी नोकरांचे पगार 8 टक्क्यांनी कापले, पण चलनाचं अवमूल्यन केलं नाही. त्यातूनच 1993 साली सरकार, मालक आणि कामगार संघटना यांचा तिहेरी करार झाला. आमच्या किनाऱ्यावरही माणसं काढण्याऐवजी आठवडा लहान करण्याकडे कल होता. पाच दिवसांचं काम तीन दिवसांचं. नोकरी वाचली, पगार आटला. पाहुण्याला दिसलेली सूट इथेही कामगाराच्याच खिशातून गेली, फक्त दुसऱ्या दाराने. बहामाजमध्ये तर दारच बंद झालं. पॅराडाइज आयलंडवरच्या अटलांटिस हॉटेलने नोव्हेंबर 2008मध्ये 800 जणांना घरी पाठवलं. लहानशा देशात 800 जण म्हणजे काय, ते तिथल्या वाण्याला विचारावं.

बेट जितकं लहान, तितका एकाच मालकावरचा भार मोठा. नेव्हिसची वस्ती साधारण 12 हजारांची आणि तिथला सगळ्यात मोठा खासगी मालक म्हणजे फोर सीझन्सचं हॉटेल. ऑक्टोबर 2008मध्ये ओमर चक्रीवादळाने त्याचं नुकसान केलं आणि ते उघडायला डिसेंबर 2010 उजाडला. अँटिग्वात फेब्रुवारी 2009मध्ये स्टॅनफर्ड या तिथल्या बड्या मालकाचं बँकिंगचं साम्राज्य कोसळलं. मंदी अशी एकटी येत नाही.

क्रूझचं गणित मात्र वेगळं, आणि कोकण-गोव्याच्या वाचकांना ते जवळचं. हॉटेल खोल्या रिकाम्या ठेवून मजला बंद करू शकतं. जहाजाला ते जमत नाही. निघायचं तर सगळं घेऊन निघायचं, म्हणून ते भरेपर्यंत तिकीट उतरत जातं. 2009मध्ये आठवडाभराच्या कॅरिबियन सफरी अशा भावात विकल्या गेल्या की त्या पैशांत आमच्याकडे दोन रात्रीही निघाल्या नसत्या. जहाजं अमेरिकेत गाडीने गाठता येतील अशा बंदरांतून निघू लागली की विमानाचं तिकीटही वाचतं. शिवाय मंदीच्या आधी मागवलेली जहाजं मंदीत येऊन धडकतात. 2006 साली मागणी नोंदवलेलं ‘ओअॅसिस ऑफ द सीज’ 2009च्या डिसेंबरात चालू झालं, दोघांना एक खोली धरली तरी 5400 प्रवाशांचं. एवढ्या जागा भरायच्या म्हणजे भाव आणखी दबणार.

जहाज भरलेलं दिसतं, पण बेटावर उतरलेला प्रवासी सहा-सात तासांत परत जातो. तो रात्र राहत नाही, रात्रीचं जेवत नाही. मंदीत तर टी-शर्टसुद्धा घासाघीस करून घेतो. आकडेवारीत पर्यटक वाढलेले आणि बंदराबाहेर टॅक्सीवाले दिवसभर बसून, असं मी ब्रिजटाउनला पाहिलं आहे. जहाजावरही तीच ओढाताण. रत्नागिरी, वसई, मडगावची पोरं केबिन स्टुअर्ड म्हणून असतात आणि त्यांची बरीचशी कमाई टिपांची. स्वस्त तिकिटावर आलेला प्रवासी टिपेला हात आखडता घेतो. एक करार संपून दुसरा मिळेपर्यंतची घरची सुट्टी लांबत गेली की गावी बांधायला काढलेलं घर अर्ध्यावर थांबतं. त्या वर्षी अशा थांबलेल्या घरांबद्दल मी पुष्कळ ऐकलं.

तर मग बुक करायचं की थांबायचं? मी आधी विमानाचं तिकीट बघायला सांगते. ते परवडत असेल तर आत्ताच घ्यावं, कारण मंदीत सीट कमी होतात. खोलीसाठी थांबलं तर चालतं, हंगामाच्या तीन-चार आठवडे आधी दर उतरतात. नाताळचा आठवडा यात धरू नये, तो मंदीतही भरतो. दर मिळाला की सेवा शुल्क, कर आणि रिसॉर्ट फी धरून एकूण रक्कम लेखी मागावी. दर चढवता येत नाही तेव्हा हॉटेलं या रकान्यांत भरपाई शोधतात. आणि एक प्रश्न थेट विचारावा: तुमचे सगळे मजले आणि सगळी उपाहारगृहं चालू आहेत का? वीज-पाणी वाचवायला हॉटेलं एक बाजू बंद करून पाहुणे दुसरीकडे एकवटतात. पाचपैकी दोन उपाहारगृहं आळीपाळीने उघडतात. तुम्ही पैसे कमी देता, पण मिळतंही कमी. पैसे क्रेडिट कार्डानेच भरावेत, म्हणजे कंपनी बुडाली तर परत मागता येतात. 2008च्या सप्टेंबरात ब्रिटनची एक्सएल लेझर ही सहल कंपनी रातोरात बुडाली, तेव्हा हजारो लोक परदेशात अडकले होते.

आमच्या हॉटेलात त्या हंगामात आम्ही शेवटी दर फार न पाडता दुसरं काही केलं. आठवडाभर राहणाऱ्याला बाहेर जेवायची कुपनं दिली, आमच्या उपाहारगृहाची नव्हेत, गावातली. बार्बाडोसच्या दक्षिण किनाऱ्यावर ऑइस्टिन्स नावाचं कोळ्यांचं गाव आहे, शुक्रवारी रात्री तिथे ताजे मासे भाजून विकतात. वरिष्ठांना ही उधळपट्टी वाटली होती. पण कुपनामागे पाहुणा टॅक्सी करून जायचा, मासा खायचा, वर दोन बिअर स्वतःच्या पैशांनी घ्यायचा. दरातली तेवढीच सूट चलनाच्या फरकात नाहीशी झाली असती. हे वीस-पंचवीस डॉलर टॅक्सीवाल्याच्या आणि मासे भाजणाऱ्या बाईच्या हातात पडत होते. मार्चअखेर आमच्या दाराशी उभे राहणारे टॅक्सीवाले शुक्रवारी दुपारीच येऊन विचारू लागले, आज किती कुपनं दिलीत?